नजर कमी झाल्यावर पुन्हा चालतं होताना

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोझा, डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होत जाणारा आजार. शाळेत असल्यापासून दिवेलागणीला अडखळायचे. पुढे बाजूचं दिसणं आकसत गेलं आणि एक्केचाळिसाव्या वर्षी पायरी चुकून पडले, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण त्यानंतर घरच्यांनी मला उठू म्हणून दिलं नाही. ‘तू बस, मी देते,’ असं सासूबाई म्हणायच्या. मुलगा पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायचा. सगळं मायेनंच चाललं होतं. दीड वर्ष मी खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत काढलं. वजन वाढलं, दुपारी डोळा लागायचा आणि रात्री टक्क जाग. दारात कुणी आलं तरी बोलावंसं वाटेना. हे नजर गेल्याचं दुःख आहे असं मी धरून चालले होते. त्यातलं बरंचसं बसून राहिल्याचं होतं, हे चालायला लागल्यावर कळलं.

दृष्टिबाधित प्रौढांमध्ये नैराश्य डोळसांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यांची शारीरिक हालचाल कमी असते. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढतात. पडायची भीती म्हणून घरात बसायचं. बसल्यामुळे पाय कमकुवत होतात, तोल जातो, मग भीती खरी ठरते. बाहेर पडणं थांबलं की माणसं भेटायची थांबतात. हे चक्र कुठून तरी तोडायचं तर पायांपासून सुरुवात करणं मला सगळ्यात सोपं वाटतं, कारण ‘मन घट्ट कर’ म्हटल्यानं मन घट्ट होत नाही, पण खुर्चीतून पाच वेळा उठता येतं.

नजर नुकतीच कमी झालेल्या मोठ्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, तेवढा मोडू नका.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा

‘व्यायाम करू का?’ असं विचारलं की ‘करा, पण जपून’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्यानं काही हाती लागत नाही. मी ओणवं होऊ शकते का, किती वजन उचलू, उड्या मारलेल्या चालतील का, पोहायला कधीपासून जाऊ, असे सुटे सुटे प्रश्न विचारा. उत्तर डोळ्याच्या आजारावर ठरतं.

काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं, म्हणजे शीर्षासन, सर्वांगासन, अधोमुख श्वानासन, यांत डोळ्यातला दाब वाढतो. श्वास रोखून वजन उचलल्यानंही वाढतो. पोहताना डोळ्यांभोवती घट्ट रुतणारा गॉगल नको, मोठ्या कडांचा घ्या. काचबिंदूच्या टिमोलॉलसारख्या थेंबांनी नाडी मंदावू शकते, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळानं सांगितलेल्या ठोक्यांवरून व्यायामाचा जोर ठरवला तर फसायला होतं. दमा असेल तर हे थेंब त्रासाचे ठरू शकतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पण थेंब आपल्या मनानं बंद करू नका.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जड वजनं, धक्क्याचे व्यायाम आणि डोकं खाली नेणं डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. पायाला बधिरपणा असेल तर चालून आल्यावर कुणाला तरी तळपाय बघायला सांगा. स्वतः बोटांनी चाचपून फोड कळेलच असं नाही.

चष्म्याचा मायनस नंबर फार मोठा असेल किंवा डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे शस्त्रक्रिया झाली असेल तर उड्या आणि डोक्याला हिसके टाळावे लागतात. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलेला असेल तोवर विमानप्रवास आणि उंच डोंगरावर जाणंही बंद. आणि कुणालाही, केव्हाही, अचानक चमका दिसल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा पडल्यासारखं झालं, तर व्यायाम तिथंच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

उरलेली नजर कुठली आहे यावर वेळही ठरते. माझ्यासारख्या आरपीवाल्यांनी भर उजेडात निघावं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेचा हट्ट धरू नये. मधली नजर गेलेल्यांना (वयोमानानं मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब होते त्यांना) बाजूचं दिसत असल्यानं चालणं तितकं जड जात नाही, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. ‘हल्ली ओळख दाखवत नाहीत’ असं लोक म्हणतात आणि माणूस बाहेर पडायचा थांबतो. आपणच आधी सांगून टाकावं: ‘चेहरा दिसत नाही, नाव सांगत जा.’

मनाची आजची नोंद करून ठेवा

गेल्या दोन आठवड्यांत कुठल्याही गोष्टीत रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? या दोन प्रश्नांना ० ते ३ गुण द्या: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर व्यायाम सुरू करालच, पण सोबत डॉक्टरांनाही भेटा. मोबाइलवर आवाजी नोंद करून तारीख बोला. दर दोन आठवड्यांनी पुन्हा करा. दोन महिन्यांनी जुनी नोंद ऐकताना आपलाच आवाज किती बदललाय ते कळतं.

दोन गोष्टी इथंच सांगते, कारण त्या लपवण्यात लोक वर्षं घालवतात. नजर बरीच गेल्यावर काहींना नसलेली चित्रं दिसतात: फुलांची नक्षी, जाळ्या, कधी अनोळखी माणसं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. मेंदूला डोळ्यांकडून माल येईनासा झाला की तो स्वतःच चित्रं रंगवतो. हे वेड नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, इतर कारणं तपासून घ्या, आणि घरच्यांनाही सांगा. दुसरी गोष्ट झोपेची. उजेडही अजिबात कळत नसेल तर शरीराचं घड्याळ चोवीस तासांशी जुळत नाही आणि झोपेची वेळ सरकत जाते. अशांनी व्यायाम आणि जेवण रोज एकाच ठरावीक वेळी करावं, शरीराला तेवढी तरी खूण मिळते. यावर औषधोपचारही आहेत, तेव्हा सहन करत बसू नका.

पहिले दोन आठवडे घरातच

घरच्यांसाठी पहिला नियम: सामान हलवायचं नाही, आणि दार एक तर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावरच बसते.

चटईची एक बाजू भिंतीला लावून अंथरा. चटईच्या मधोमध खालून सुतळी चिकटवली की तळव्याला मध्य कळतो आणि तोंड कुणीकडे आहे हेही समजतं. चप्पल न घालता करा. तोल सांभाळताना डोळे, कानातली यंत्रणा आणि पायांची जाणीव असे तिघं मिळून काम करतात. डोळे गेले की उरलेल्या दोघांवर भार येतो, आणि हे दोघं सरावानं तयार होतात.

रोज दहा मिनिटं पुरेत. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा, पुढं दहापर्यंत. भिंतीला तळवे टेकून उभे दंड. ओट्याची कड धरून टाचा उचलणं. ओटा धरूनच एका पायावर उभं राहून वीस आकडे म्हणणं. जमायला लागलं की दोन बोटांच्या आधारावर. शेवटी एक आवडतं गाणं संपेपर्यंत जागच्या जागी गुडघे उचलत चालणं. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. वर उचलताना श्वास सोडायचा.

डॉक्टरांची हरकत नसेल तर सूर्यनमस्कार आपल्यासाठी फार चांगले, कारण क्रम एकदा अंगात बसला की बघायचं काही उरतच नाही. शिकताना मात्र डोळस शिक्षकाला बोलायला शिकवावं लागतं. ‘हात इथून असा घ्या’ याचा आपल्याला उपयोग नाही. ‘दंड कानाला लागेपर्यंत वर’, ‘उजवं पाऊल दोन्ही तळव्यांच्या मध्ये’ असं हवं. हात धरून शिकवणार असतील तर आधी विचारून धरावा, हे सांगायचा संकोच करू नका. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ ‘असं, असं’ करतच संपतात, त्यावर वेळ दवडू नका. एखाद्या जाणत्याकडून सगळा क्रम शब्दांत बोलवून घ्या आणि तोच ध्वनिमुद्रित करून ठेवा.

एक रस्ता परत मिळवा

एकच रस्ता. पूर्ण शहर नको, अख्खी कॉलनीही नको. माझा होता घराच्या फाटकापासून दुधाच्या दुकानापर्यंतचा.

त्याआधी काठी. पांढरी काठी हातात घेणं मला फार जड गेलं. लोक बघतील, ‘बिचारी’ म्हणतील, असं वाटायचं. ती न घेता चालताना लोक ‘आंधळी आहेस का’ म्हणत अंगावर ओरडायचे. काठी घेतल्यावर तेच लोक बाजूला होतात. जमिनीवर उभी धरली की काठीचं वरचं टोक छातीच्या हाडाच्या खालच्या भागाशी यावं. भरभर चालणाऱ्यांना थोडी लांब लागते. मूठ बेंबीसमोर, काठी खांद्यांपेक्षा थोडी रुंद फिरवायची. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकलेलं हवं, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधीच तपासून झालेली असते. वाचून हे सोपं वाटतं, अंगात भिनायला काही आठवडे जातात. शक्यतो प्रशिक्षित मोबिलिटी शिक्षकाकडूनच शिका. नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, ही संस्था १९५२पासून काम करते. मुंबईत वरळीला तिचं मुख्य कार्यालय आहे आणि राज्यात इतरत्र शाखा आहेत. चौकशी तिथून सुरू करा.

काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही. लोंबणारी फांदी, टेम्पोची उघडी फळी, बाहेर काढलेला एसी. म्हणून कड असलेली टोपी घाला: फांदी आधी कडेला लागते, उन्हाची तिरीपही अडते. आयआयटी दिल्लीनं २०१४मध्ये आणलेल्या स्मार्टकेनमध्ये ध्वनिलहरींनी वरचा अडथळा ओळखून मूठ थरथरते, तीही मिळवता आली तर बघा.

आता रस्ता. पहिले तीन दिवस सोबत्याबरोबर चाला, पण गप्पा मारू नका. खुणा गोळा करा. पावलं मोजणं सुरुवातीला बरं वाटतं, पण थकव्यात, घाईत, चिखलात पाऊल बदलतं आणि आकडा चुकतो. खुणा चुकत नाहीत. माझ्या रस्त्यावर फाटकाबाहेर डांबर डावीकडे उतरतं. मग ट्रान्सफॉर्मरची घूं. मग पिठाच्या गिरणीचा वास, आणि गिरणी बंद असेल त्या दिवशी तिच्या शटरवरून काठीचा आवाज पत्र्यासारखा परत येतो. त्यानंतर भिंत संपते आणि उजव्या गालाला अचानक वारा लागतो. तिथं गल्ली आहे, थांबायचं. सकाळी आठला जाताना ऊन डाव्या गालावर, येताना उजव्या. हे सगळं मोबाइलवर बोलून ठेवलं आणि रात्री झोपताना ऐकत राहिले. चौथ्या दिवशी सोबतीला दहा पावलं मागे ठेवलं, आठव्या दिवशी फाटकाशी. पंधराव्या दिवशी दुधाची पिशवी मी एकटीनं आणली. सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पिशवी घेतली आणि चहा टाकला.

कानात इअरफोन घालून चालू नका, दोन्ही कान कामाला लागलेले असतात. बॅटरीवरच्या दुचाक्या आवाज न करता येतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना ‘आवाज नाही म्हणजे मोकळा’ असं धरू नका, मदत मागा. कुत्री काठीवर भुंकतात. काठी उचलू नका, टोक जमिनीला टेकवून स्थिर उभं राहा, पळू नका. पावसाळ्यात छत्रीवर पडणारा पाऊस सगळे आवाज गिळतो आणि रेनकोटची टोपी कान झाकते. त्या दिवसांत बिल्डिंगचे जिने कठडा धरून चढा-उतरा; दहा मिनिटांचे जिने रस्त्यावरच्या अर्ध्या तासाला भारी पडतात.

सोबती कसा असावा

सोबत्यानं आपल्याला धरायचं नाही, आपण त्याला धरायचं. त्याच्या कोपराच्या वर हात ठेवून अर्धं पाऊल मागे चालायचं, म्हणजे त्याच्या अंगाचा प्रत्येक चढ-उतार आपल्याला आधीच कळतो. मागून ढकलणारा किंवा मनगट ओढणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी त्याला हे शिकवा. पायरी आली की ‘चढ’ की ‘उतार’ हे सांगायचं, नुसतं ‘सांभाळ’ नाही.

बायकांनी आणखी एक बघावं. मदतीच्या नावाखाली नको तिथं हात ठेवणारे भेटतात. ‘थांबा, मी तुमचा कोपर धरते’ असं मोठ्यानं म्हणायची सवय लावून घ्या. मोठ्यानं, कारण आजूबाजूच्यांनाही ऐकू जायला हवं. मी ठरवून दोन मैत्रिणी केल्या, दोघींचे वार ठरलेले. एकीवर सगळा भार टाकला की तिचा एक सर्दी-खोकला आपला आठवडा बुडवतो.

धावायचं असेल तर दोघांच्या हातात एका छोट्या दोरीची टोकं धरून, हातांची लय जुळवून धावतात. पॅरिसच्या २०२४च्या पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं ते असंच, वाटाड्या धावपटू अभय सिंहबरोबर. आपल्याला पदक नको, पण दोरी तीच.

नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर जॉगिंग ट्रॅक आहे; अशा ट्रॅकवर सहसा सगळे एकाच दिशेनं फिरतात. असा ट्रॅक आपल्या गावात असेल तर मोकळ्या रस्त्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

किती आणि किती जोरात

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत अपंग प्रौढांचा स्वतंत्र विचार केला आहे. आकडा इतरांसारखाच: आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. वय ६५च्या वर असेल तर तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. मध्यम जोर म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, एवढी धाप. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची. १५० ऐकून घाबरू नका, त्याच सूचना सांगतात की काहीच न करण्यापेक्षा थोडंही चांगलं. मी पहिल्या महिन्यात आठवड्याला चाळीसच्या पुढे गेले नव्हते.

जिममध्ये सुरुवात जागच्या जागी असलेल्या सायकलनं करा. ट्रेडमिलवर थांबवायची क्लिप कपड्याला लावल्याशिवाय चढू नका. सपाट काचेची बटणं आपल्या बोटांना काही सांगत नाहीत. ‘सुरू’ आणि ‘बंद’वर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावायची परवानगी घ्या.

खेळ, पाणी, सायकल

चालणं रुळलं की माणसांत या. मनासाठी मला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला, कारण इथं कुणी आपल्याला जपत नाही. चेंडू सुटला तर बोलणी बसतात.

पाण्यात पडायची भीतीच नसते. तलावाच्या कडेच्या दोरीला हात घासत सरळ जाता येतं, हातांचे फटके मोजून भिंत कळते, किंवा कडेला उभा असलेला माणूस मऊ टोकाच्या काठीनं स्पर्श करून वळण सांगतो. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, पूर्ण दृष्टिहीन असूनही. जोडसायकल, म्हणजे टँडम, पुण्याच्या अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स फाउंडेशनमुळे आपल्याकडे बरीच माहीत झाली: पुढे डोळस, मागे आपण, पाय दोघांचे. वारा तोंडावर घेत वेगानं जाणं पुन्हा मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

अंधांच्या क्रिकेटमध्ये खुळखुळणारा चेंडू हात खाली ठेवून टाकतात. भारताच्या अंध महिला संघानं नोव्हेंबर २०२५मध्ये पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. गोलबॉल मला अधिक आवडतो. दुसऱ्या महायुद्धात नजर गेलेल्या सैनिकांसाठी तो १९४६मध्ये बनवला गेला. १८ बाय ९ मीटरचं मैदान, तीन-तीन खेळाडू, सव्वा किलोचा घुंगरांचा चेंडू, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे थोडं दिसणारा आणि काहीच न दिसणारा अगदी बरोबरीचे. घरी मुलांशी खेळायला साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, सळसळतो आणि कळतो.

वाईट दिवस आणि मदत

पडाल. मी रस्ता मिळवल्यानंतरही दोनदा पडले. पडल्यावर लगेच उठू नका, आधी बोटं, मनगट, गुडघे हलवून बघा, काठी शोधा, मग उठा. आणि तोच रस्ता दोन-तीन दिवसांत सोबतीनं पुन्हा चाला. फार दिवस गेले तर भीती मोठी होत जाते. घरच्यांना एवढीच विनंती, की त्या दिवशी ‘बघ, म्हटलं होतं’ असं म्हणू नका.

उठावंसंच वाटत नसेल त्या दिवशी मी फक्त बूट घालून फाटकापर्यंत जाते. तिथून परत आलं तरी तो दिवस मोजायचा.

व्यायाम उदासी हलकी करतो, पण प्रत्येक उदासी त्यानं जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस सगळंच गेलं असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन लावा. १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मोबाइलच्या आवाजी सहायकाला सांगूनही तो लावता येतो. नजर गेली आहे हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे ‘हे वाचा, तो फॉर्म भरा’ असं न सुचवता पलीकडचा माणूस तोंडी बोलेल. फोन करताना शेजारी कुणी बसलेलं असलं तरी चालतं.